खफीफ आणि संगीन

बाबा गेले त्याच्या आदल्या संध्याकाळी माझ्यावर खटला चालला. आरोप असा, की मी स्टोव्हवर दूध ठेवून पुस्तक वाचत बसले आणि दूध उतू गेलं. मुद्देमाल म्हणून करपलेलं पातेलं हजर होतं. बाबा अंगणातल्या लोखंडी खुर्चीवर बसले, डोक्यावर टोपी चढवली, कारण टोपीशिवाय अदालत भरत नसे, आणि तीनदा पुकारा केला, "पद्मजा बिन्ते मधुसूदन, हाजिर हो." ती मधुसूदनची मुलगी पद्मजा, म्हणजे मी, त्यांच्यापासून चार हातांवर उभी होते. पण तिसऱ्या पुकाऱ्याआधी 'हाजिर' म्हणायचं नाही, हा नियम मी पाच वर्षांची असल्यापासून पाळत आले होते. आता मी एकोणचाळीस वर्षांची होते आणि मुलींच्या शाळेत ग्रंथपाल होते.

बाबा जिल्हा कोर्टात पेशकार होते. न्यायाधीशासमोर कागद ठेवायचे, पुकारा झाला की नाही बघायचं आणि दिवसाचा हुकूम लिहून घ्यायचा, हे त्यांचं काम. निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली होती, पण घरची अदालत कधी निवृत्त झाली नाही. या अदालतीत गुन्ह्याच्या दोन जाती होत्या. खफीफ म्हणजे हलका, आणि संगीन म्हणजे भारी. दूध उतू जाणं खफीफ. किल्ली हरवणं खफीफ. माझा धाकटा भाऊ मुकुंद यानं शाळेच्या सहलीत एकाच दिवशी दोन्ही चपला हरवल्या तोही, बराच खल होऊन, खफीफच ठरला. संगीनची फक्त धमकी असायची. आई आठ वर्षांपूर्वी गेली, तोवर तिच्यावरही खारट आमटीचे खटले होत. शिक्षा फिर्यादीनं सुचवायची. ती बहुधा चहाची असे.

निकाल लागला की बाबा रजिस्टरात नोंद करत. उर्दूत. त्यांचं सगळं शिक्षण निजामाच्या शाळेत उर्दूतून झालेलं. पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, हळूहळू दफ्तर मराठीत आलं, आणि वयाच्या चाळिशीत त्यांना मराठी लिहायला शिकावं लागलं. त्यांचं मराठी अक्षर अखेरपर्यंत पहिलीतल्या मुलासारखं राहिलं, प्रत्येक अक्षर वेगळं, घाबरलेलं. मी एकदा विचारलं होतं, घरचं रजिस्टर तरी मराठीत का नाही. ते म्हणाले, "दफ्तराची भाषा सरकारनं बदलली. या अदालतीला तसा हुकूम आलेला नाही."

त्या संध्याकाळी नोंद करता करता ते म्हणाले, "पद्मा, ही लिपी शिकून घे. चाळीस दिवसांचं काम आहे."

"आता कशाला, बाबा?"

"माझ्यामागं हे कोण वाचणार?"

"त्यात दूध आणि पातेलीच आहेत ना?"

"तरी."

"बघू उन्हाळ्याच्या सुट्टीत."

त्यांनी मान हलवली, चष्मा पुसला आणि पुन्हा लिहायला लागले. रात्री त्यांनी खिचडी खाल्ली आणि वर पापड मागितला. सकाळी मी चहा घेऊन गेले तेव्हा ते उठले नव्हते. याहून जास्त मला त्याबद्दल लिहिता येत नाही.

तेराव्यानंतर मुकुंदनं कपाट आवरायला घेतलं. तो जालन्याला बँकेत आहे. कुठलीही वस्तू पाहिली की ती ठेवायची की काढायची एवढेच दोन प्रश्न त्याला पडतात. "ताई, ही नऊ रजिस्टरं रद्दीत देऊ?"

"नको."

"तुला वाचता येतात?"

"नाही."

"मग?"

मी रजिस्टरं उचलून माझ्या खोलीत नेली. तो जालन्याला गेल्यावर एक एक उघडून बघत बसले. पानामागून पान निळी शाई. 'खफीफ' आणि 'संगीन' हे दोन शब्द मला आकारानं ओळखू येत, लिहिता-वाचता न येणाऱ्याला आपल्या गावच्या एसटीची पाटी ओळखू येते तसे. आकडेही येत होते, कारण लहानपणी आम्ही निजामाच्या नाण्यांनी खेळलो होतो. बाकी सगळं माझ्यासाठी मुंग्यांची रांग. खफीफ, खफीफ, खफीफ. आमचं सगळं बालपण हलकं होतं हे बघून बरं वाटत होतं, आणि चौथ्या रजिस्टरात एक पान लाल शाईचं निघालं.

वर लिहिलं होतं संगीन. शेजारी साल, १३६९. खाली दाट मजकूर, आणि त्याच्याखाली पानाच्या तळापर्यंत एकाखाली एक एकोणीस छोट्या ओळी, प्रत्येकीला तारीख. शेवटचं साल १३८८. नऊ रजिस्टरांत असं पान एकच, आणि साल घातलेलंही तेवढंच; खफीफला बाबा साल घालत नसत.

मी ते रजिस्टर मिटून ठेवलं आणि पुन्हा उघडलं. आमच्या घरात संगीन गुन्हा कुणी केला? आरोपी आमच्यातलाच असणार. आई तसं काही करणाऱ्यातली नव्हती. मुकुंदचे गुन्हे मला तोंडपाठ होते. उरले मी. बाबांनी माझ्याविरुद्ध काही मनात धरलं होतं, लाल शाईनं लिहून ठेवलं होतं आणि मला न सांगता ते गेले, हे एकदा डोक्यात आलं ते जाईना. मला एवढंच हवं होतं, की कुणीतरी ते एक पान वाचून दाखवावं. एका पानाचं काम. कुणाला त्रास नाही, बोभाटा नाही.

आमच्या माडीवर काकासाहेब वकील भाड्यानं राहतात. मूळचे पिशोरचे, शेतीवाडीवाले. पोलीस ॲक्शनच्या वेळी ते उर्दू शाळेत चौथीत होते आणि तेवढ्या भांडवलावर उर्दूचे जाणकार म्हणून वावरतात. त्यांनी पान लांब धरलं, जवळ धरलं, उजेडात नेलं.

"जुर्म संगीन," ते म्हणाले.

"ते मला माहीत आहे. पुढं?"

"पुढचं शिकस्ता लिपीत हाय, ताई. कचेरीतल्या कारकुनांचं धावतं, मोडकं अक्षर. आमच्या मास्तरालाबी आलं नसतं. पण साल बघा. तेराशे एकोणसत्तर. हिजरी." त्यांनी एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर गणित मांडलं, दोनदा खोडलं, आणि म्हणाले, "एकोणपन्नास-पन्नास. पोलीस ॲक्शननंतरचं वरीस. हे दुधाचं प्रकरण दिसत नाय. तारखा बघा किती पडल्या. एकोणीस. शेवटची अडुसष्ट साली. हा खराखुरा खटला हाय."

मी म्हटलं, खरा खटला घरच्या रजिस्टरात कशाला लिहितील.

"लपवायचा असला तर आणखी कुठं लिहितील?"

वकिलाला उत्तर देता येत नाही ते असं. आणि नेमकं तेव्हाच मला आठवलं, की मी नऊ-दहा वर्षांची असताना बाबा काही महिने कोर्टातून आले की दार लावून बसत. आई आम्हाला सांगे, आत जायचं नाही. का, ते कधीच कळलं नाही.

माझा चेहरा बघून काकासाहेबांना वाटलं, मला कायद्याची भीती वाटते आहे. ती घालवायला त्यांनी सगळा कायदा सांगितला. आपल्या पिनल कोडात संगीन असं काही नाही. तिथं दखलपात्र आणि अदखलपात्र. पण इंग्रजांकडं एक शब्द होता, फेलनी. त्यात माणूस दोषी ठरला की फाशी, वर जमीन-जुमला जप्त. तो शब्द कुठून आला यावर त्यांचंच एकमत नाही. कुणी म्हणतं जहागिरीच्या शब्दावरून, कारण जहागीर जायची. कुणी म्हणतं पित्ताला लॅटिनमध्ये जो शब्द आहे त्यावरून, म्हणजे कडू मनानं केलेलं कृत्य. काकासाहेबांचा कल पित्ताकडं होता. त्यांना स्वतःला पित्ताचा त्रास आहे.

मी म्हटलं, जप्तीचा तो कायदा इंग्लंडातच शंभर वर्षांपूर्वी रद्द झाला. ते चमकले. शाळेच्या वाचनालयात कायद्याची सात पुस्तकं आहेत, कुणी देणगी दिलेली. ती माझ्याशिवाय कुणी उघडत नाही. मी का उघडते हे त्यांनी विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही.

एवढं सगळं ऐकायला द्वारकाबाई दारात उभ्या होत्या. त्या समोर राहतात. आमची वाटी परत द्यायला आल्या होत्या. त्यांनी इंग्लंड ऐकलं नाही, लॅटिन ऐकलं नाही, रद्द झाल्याचं तर मुळीच ऐकलं नाही. फाशी आणि जप्त, हे दोन शब्द मात्र वाटीसकट घरी नेले.

दुसऱ्या दिवशी औरंगपुऱ्यातल्या आमच्या गल्लीत मला सल्ले मिळायला लागले. एकीनं सांगितलं, घर लगेच मुकुंदच्या नावावर करा. दुसरीनं सांगितलं, मुकुंदच्या मुळीच करू नका, त्याची नोकरी जाईल. कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीवाल्यानं दळण देताना हळूच सांगितलं, की रजिस्टर दळून द्यायचं असेल तर तो रविवारी गिरणी उघडी ठेवेल. मी नको म्हटलं. तो म्हणाला, "पेशकारसाहेबांसाठी एवढं तर करू, ताई." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. बाबांनी त्याला एकदा रेशनकार्डाचा अर्ज लिहून दिला होता. ते घाबरलेलं अक्षर त्यानं जपून ठेवलं होतं म्हणे.

लोक वाईट बोलत नव्हते, हीच अडचण होती. सगळे बाबांच्या बाजूचे होते. काय केलं ते कुणालाच माहीत नव्हतं, पण केलं असेल तर कारण असेल, असं सगळे मला समजावत होते. शाळेत मुख्याध्यापिकाबाईंनी दार लोटून घेतलं आणि कोर्टाच्या कामासाठी रजा हवी असेल तर संकोच करू नका म्हणाल्या. मी त्यांना म्हटलं, मला फक्त एक पान वाचून हवं आहे. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. ग्रंथपालानं पान वाचता येत नाही म्हणून रजा घ्यावी, यापरता अपमान मला सुचत नव्हता.

औरंगपुऱ्यातली बातमी जालन्याला एसटीनं दीड तासात जाते. मुकुंद शनिवारी आला तो चपला न काढताच बोलायला लागला. घर आम्हा दोघांच्या नावावर करण्याचा अर्ज त्यानं नगरपालिकेत दिला होता. तिथल्या कारकुनाची बहीण आमच्या गल्लीत दिली होती. कारकून म्हणाला होता, मयताविरुद्ध गंभीर गुन्हा प्रलंबित नसल्याचा कागद आणा.

"असा नियम आहे?" मी विचारलं.

"नाही. पण असलेला बरा म्हणतोय."

"मुकुंद, तुला काय वाटतं? बाबांनी काही केलं असेल?"

त्यानं पायातल्या चपलांकडं पाहिलं. मग म्हणाला, "माझ्या दोन्ही चपला हरवल्या होत्या तेव्हा ते मला रागावले नाहीत. टोपी घालून आले आणि तीनदा पुकारा केला. मला इतकं हसू आलं होतं." आणि तो बाहेर जाऊन चपला काढून आला.

कागद आणण्याचं काम माझ्याकडं आलं. जुने खटले जिथं ठेवतात त्या कचेरीत मी गेले. तिथल्या साहेबांनी सांगितलं, खटल्याचा नंबर द्या. मी म्हटलं, नंबर माहीत नाही, नोंदवही बघून शोधते. ते म्हणाले, नोंदवही बघायला परवानगी लागते. परवानगी कशी मिळते? अर्ज करून. अर्जात काय लिहायचं? खटल्याचा नंबर. हे त्यांनी इतक्या सौजन्यानं सांगितलं, की मी आभार मानून घरी आले आणि दाराची पायरी चढताना माझ्या लक्षात आलं की काहीच झालेलं नाही.

दुसऱ्यांदा गेले तेव्हा साहेबांनी अर्ज वाचला आणि 'संगीन' शब्दाखाली रेघ मारली. "असा प्रकार आमच्याकडं नाही. दखलपात्र का अदखलपात्र ते लिहा."

"गुन्हा काय आहे तेच मला कळायचंय."

"मग अंदाजे लिहा."

मी वाचनालयात जाऊन शब्दकोश काढला. संग म्हणजे फारसीत दगड. संगीन म्हणजे दगडाचा, वजनदार. खफीफ अरबी, म्हणजे वजनाला कमी. कोश मिटला आणि जरा बरं वाटलं, एवढ्या दिवसांत एक गोष्ट तरी पक्की कळली होती. पण दगडाचं काय करायचं हे कोशात नव्हतं. अर्जात मी अंदाजे 'दखलपात्र' लिहिलं. स्वतःच्या वडिलांवर अंदाजे दखलपात्र गुन्हा लिहून देणारी मी जिल्ह्यातली पहिलीच मुलगी असेन.

पंधरा दिवसांनी शिक्का मारलेला कागद आला. 'सदर इसमाविरुद्ध दखलपात्र गुन्हा तूर्त आढळून येत नाही. शोध चालू आहे.' शोध आमच्या अर्जामुळं चालू झाला होता. आणि त्या शोधापायी एक दिवस दुपारी सांडू हवालदार आमच्या दारात सायकल लावून उभे राहिले.

"मधुसूदनराव पेशकार इथंच राहतात का?"

"राहत होते. ते गेले. फेब्रुवारीत."

"हां, मयत. कागदात हाय." त्यांनी वही उघडली. "मयत सध्या कुठं असतात?"

मी त्यांच्या वहीकडं बघत राहिले. सांडूंनी वर पाहिलं. मग त्यांनी वही मिटली, टोपी काढून काखेत धरली आणि म्हणाले, "चुकलं, ताई. सवयीनं विचारलं."

मी त्यांना पाणी दिलं, मग चहा केला. चहा पिता पिता त्यांनी लाल पान पाहिलं. त्यांना ओ की ठो कळलं नाही, पण आतापर्यंत भेटलेल्या सगळ्यांत कामाचं असं एक वाक्य तेच बोलले. "ठाण्यातले जुने कागद वाचायचे असले की आमी करमाडला जातो. शर्फुद्दीनसाहेब हायेत. कोर्टाच्या फाटकात अर्जनवीस होते, लोकांचे अर्ज लिहायचे. आता लेकाकडं असतात. मोडकं अक्षर त्यांच्याइतकं कुणाला येत नाय."

शर्फुद्दीनसाहेब हे नाव मी लहानपणी हजारदा ऐकलं होतं. बाबा जेवताना सांगत, आज शर्फुद्दीन असं म्हणाला, तसं म्हणाला. ज्याला पहिल्या दिवशी विचारायचं त्याला मी तीन महिन्यांनी, हवालदाराच्या सांगण्यावरून विचारायला निघाले.

मे महिना होता. शाळेला सुट्टी लागली होती. मी एकटी जाणार होते. द्वारकाबाई पदर खोचून फाटकात उभ्याच होत्या.

"म्या बी येते."

"कशाला, द्वारकाबाई? ऊन आहे."

"साक्षीदार लागतोच की. उद्या कुणी म्हणलं, पद्माबाईनं मनचंच सांगितलं, तर?"

एसटीत माझ्या मांडीवर पिशवीत रजिस्टर होतं आणि द्वारकाबाईंच्या मांडीवर काकड्या. त्यांनी काकडी आणि हकिकत दोन्ही वाटायला सुरुवात केली. चिकलठाण्याला प्रकरण खुनाचं होतं. शेंद्र्यापाशी एका म्हाताऱ्या बाईनं विचारलं, "मग बुवा फरार हायेत का?" द्वारकाबाई म्हणाल्या, "नाय वो, वारले." त्यावर ती बाई म्हणाली, "सुटले म्हणा." कंडक्टरचं मत पडलं की त्या काळात सगळ्यांनीच काही ना काही केलं होतं, नाव मात्र लिहिणाऱ्याचं झालं. मी खिडकीबाहेर बघत होते. मला हसू येत होतं आणि त्याची लाज वाटत होती, कारण ही सगळी गंमत ज्यांना सांगावी ते घरी नव्हते.

शर्फुद्दीनसाहेब लिंबाच्या सावलीत बाजेवर बसले होते. ऐंशीच्या घरात असतील. मी नाव सांगितलं. त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं.

"मधुसूदन की बेटी. दूध जाळते ती का चपला हरवते ती?"

"दूध. चपला मुकुंद."

"हौ. मालूम है सब. रोज सकाळी मला ऐकवायचा." मग त्यांनी गुडघ्यांवर हात ठेवले. "मय्यत में मेरेकू आना था. पैर चलते नै."

मी रजिस्टर उघडून त्यांच्या हातात दिलं. लाल पान पाहून त्यांनी भिंग काढलं. मी एका दमात सगळं सांगितलं, हिजरी, एकोणपन्नास साल, दार लावून बसलेले बाबा, खरा खटला.

"हिजरी कौन बोल्या?"

"वकील बोलले."

"कित्ता पढ्या वकील?"

"उर्दू चौथी."

"तभी." त्यांनी भिंग पानावर टेकवलं. "इथं महिना लिहिलाय. अमरदाद. अमरदाद हिजरीत नसतो, फसलीत असतो. आमच्या दफ्तराचं साल फसली, बेटा. यात पाचशे एक्याण्णव मिळव."

मी मिळवले. एकोणीसशे साठ. जून. द्वारकाबाईंनी माझ्याकडं पाहिलं, त्यांना वाटलं मला चक्कर येते आहे.

"और वो दरवाजा," शर्फुद्दीनसाहेब हसायला लागले, "आत तो बाराखडी गिरवत होता. मीच त्याला पाटी आणून दिली होती. पोरांना दिसू नये म्हणून दार लावायचा. चाळीस साल का आदमी, क का कि की." ते हसता हसता खोकले, आणि मग त्यांनी खालचा मजकूर वाचायला घेतला. हसणं थांबलं. ओठ हलत राहिले. शेवटच्या ओळीपर्यंत ते मनातच गेले.

"मोठ्यानं वाचा," मी म्हटलं. "मुलजिमाच्या, आरोपीच्या खान्यात माझंच नाव आहे ना?"

"नै. तुझं नाव फिर्यादीच्या खान्यात आहे." त्यांनी घसा साफ केला, आणि अर्जनवीस अर्ज वाचून दाखवतो तसं, एका सुरात, मराठी करत वाचायला लागले.

"जुर्म संगीन. मुलजिम, मधुसूदन, पेशकार. फिर्यादी, पद्मजा, मुलजिमाची मुलगी. हकिकत अशी, की फिर्यादीनं वकिलीच्या वर्गाचा अर्ज आपल्या हातानं भरून मुलजिमाजवळ दाखल करण्यास दिला. मुलजिमानं तो दाखल केला नाही. मुदत गेल्यावर फिर्यादीस सांगितलं, की कारकून रजेवर होता. हे खोटं. कारकून हजर होता. मुलजिमास विचारता तो म्हणतो, कोर्टात बायांकडं लोक कसे बघतात ते मी रोज बघतो, म्हणून भ्यालो. ही सफाई नव्हे, फक्त नोंद. आधी खफीफ लिहिलं होतं. खोडलं. मुलजिमास जुर्म कबूल. परंतु फिर्यादीनं फिर्याद केलेली नाही. फिर्यादीवाचून शिक्षा देता येत नाही. सबब तारीख."

द्वारकाबाईंच्या हातातली काकडी अर्धीच राहिली होती.

"खालच्या ओळी?" मी विचारलं.

"दर साली एक. फिर्यादी खामोश, तारीख. फिर्यादी खामोश, तारीख. इथं लिहिलंय, फिर्यादी वाचनालयात नोकरीस लागली, खामोश. इथं, फिर्यादीची आई वारली, तारीख." बोट खाली खाली गेलं. "आणि ही शेवटची. या फेब्रुवारीची. मुलजिमास बोलण्याची हिंमत नाही. फिर्यादीस ही लिपी शिकवावी, म्हणजे ती स्वतः वाचेल, असा इरादा आहे. फिर्यादी म्हणते, उन्हाळ्याच्या सुट्टीत. पुढील तारीख, उन्हाळा."

कुठंतरी ट्रॅक्टर चालू होता.

मला त्या अर्जाचा कागद आठवत होता. जाड, पिवळट. मी तो तीनदा वाचून भरला होता. आणि बाबांनी कारकुनाच्या रजेचं सांगितलं त्याच संध्याकाळी, धोब्याकडं द्यायला त्यांचा काळा कोट झटकला तेव्हा आतल्या खिशात तो सापडला होता, चार घड्या घातलेला. मी तो होता तसा परत ठेवला. कोट खुंटीला टांगला, आणि धोब्याला सांगितलं, कोट पुढच्या आठवड्यात ने. पुढं एकोणीस वर्षं मी त्यांच्यासमोर दूध, किल्ल्या आणि पातेल्यांसाठी हजर झाले. कोटाचं कधी काढलं नाही. मला वाटायचं, मी त्यांना सांभाळून घेतलं.

"खफीफ आपसे आप उड जाता, बेटा," शर्फुद्दीनसाहेब म्हणाले. "संगीन को उठाना पडता. वो भी फिर्यादी ने." त्यांनी रजिस्टर माझ्याकडं दिलं नाही. बाजेखालून एक पत्र्याची पेटी ओढली, त्यातून दौत आणि टाक काढला. शाई वाळली होती, तिच्यात पाण्याचे दोन थेंब घातले. पान मांडीवर सरळ केलं. उशाशी ठेवलेली टोपी डोक्यावर चढवली. मग शेताच्या दिशेनं तोंड करून त्यांनी पुकारा केला, म्हातारा आवाज जितका चढतो तितका चढवून.

"पद्मजा बिन्ते मधुसूदन, हाजिर हो."

द्वारकाबाई माझ्याआधी उठून उभ्या राहिल्या.

"पद्मजा बिन्ते मधुसूदन, हाजिर हो."

मीही उठले. पदर नीट केला.

"पद्मजा बिन्ते मधुसूदन, हाजिर हो."

"हाजिर," मी म्हटलं.

"बोल. लिहितो."

मग मी त्या बाजेकडं, त्या टोपीकडं बघून, दारात बसलेल्या सुनेला आणि द्वारकाबाईंना नीट ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "अर्ज तुमच्या कोटात होता. मी त्याच संध्याकाळी पाहिला होता. मला वकील व्हायचं होतं, बाबा. मला तुमचा फार राग आला होता. अजून आहे."